स्कूबा टाकी पाण्यावर तरंगत ठेवताना सारखी कलंडते? आधी हे तपासा

बोटीचं बूड घासायचं असेल, प्रोपेलरमध्ये गुरफटलेली दोरी कापायची असेल किंवा चार-पाच मीटरवर रुतलेला नांगर सोडवायचा असेल, तर पाठीवरची टाकी अगदी नकोशी होते. बुडाखाली शिरताना ती आपटते, कुठेतरी अडकते, आणि कामापेक्षा तिला सांभाळण्यातच दम जातो. मग टाकी वर तरंगत ठेवायची, लांब होज खाली सोडायची आणि नुसती सेकंड स्टेज (रेग्युलेटरचा श्वास घ्यायचा भाग) तोंडात धरून काम उरकायचं, ही युक्ती सुचतेच. यात नवं काही नाही. स्नूबा नावाची तयार यंत्रणा याच तत्त्वावर चालते. तिच्यात टाकी छोट्या तराफ्यावर असते आणि होज साधारण सहा मीटरची.

तयार तराफा नसला की टायरची ट्यूब, कॅन, फेंडर (धक्के झेलायला बोटीच्या कडेला टांगतात तो हवेचा फुगा), थर्माकोल, जे हाताशी असेल ते बांधलं जातं. आणि तक्रारी फिरून फिरून त्याच येतात. टाकी उलटली. पट्ट्यातून निसटली. सुरुवातीला छान होती, नंतर फिरली. खाली हवा जड लागायला लागली. यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ टाकी कुठे बांधली यात असतं, कशाने बांधली यात नसतं.

पुढचं सगळं स्कूबाचं प्रशिक्षण घेतलेल्यांसाठी आहे. टाकी पाठीवर नाही म्हणजे हे डायव्हिंग नाही, असा समज करून घेऊन उत्साही पोहणाऱ्याच्या तोंडात सेकंड स्टेज देणारे लोक आहेत. दाबाखालची हवा एकदा फुप्फुसात गेली की खोली कमी आहे या दिलाशाला अर्थ राहत नाही. सव्वा-दीड मीटरवरून श्वास रोखून वर आलं तरी फुप्फुसाला इजा होऊन माणूस दगावू शकतो.

फ्लोट टाकीसकट पालथा पडतो

टाकी फ्लोटच्या वर ठेवली असेल तर पुढे काही तपासायची गरजच नाही, दुखणं सापडलं.

नेहमीची ॲल्युमिनियमची ८० (घनफुटांवरून पडलेलं टाकीचं नाव) घ्या. आतली जागा ११.१ लीटर, भरण्याचा दाब २०७ बार. नुसता धातू चौदा किलोच्या वर. आत कोंबलेली हवाही वजनाने २.७ किलोच्या आसपास असते, हे बरेच जण विसरतात. व्हॉल्व्ह, फर्स्ट स्टेज (टाकीवर बसणारा, हवेचा दाब उतरवणारा रेग्युलेटरचा भाग), दाब दाखवणारं गेज धरलं की सगळं मिळून अठरा-साडेअठरा किलो. हे ओझं तुम्ही बॉडीबोर्डवर किंवा ट्यूबच्या वर चढवता, तेव्हा फ्लोटला ते पूर्णच्या पूर्ण उचलावं लागतं, आणि गुरुत्वमध्य पाण्याच्या वर जातो. टाकी गोल, फ्लोट गुळगुळीत, वरून लाट. कलंडणार नाही तर काय होईल?

हीच टाकी पूर्ण पाण्याखाली गेली की सोळा लीटरहून जास्त पाणी बाजूला सारते. समुद्राच्या पाण्यात भरलेल्या टाकीचं वजन मग उरतं जेमतेम पाऊण किलो. रेग्युलेटर आणि गेज धरून दीड-पावणेदोन. म्हणजे वर ठेवली तर साडेअठरा, खाली टांगली तर दोनच्या आत. आर्किमिडीज एवढं काम फुकट करून देत असताना नाही म्हणायचं कशाला?

मधला मार्गही फसवा असतो. टाकी आडवी, तिची पाठ पाण्याच्या वर, पोट खाली, असं पुष्कळ जण बांधतात, कारण दिसायला ते नीटनेटकं दिसतं. पण टाकीचा चौथा हिस्सा पाण्याबाहेर राहिला तर चारेक किलोचं प्लावक बल गेलंच, आणि प्रत्येक लाटेबरोबर हा हिस्सा कमी-जास्त होत राहतो. पट्ट्यांना बसणारे हिसके त्यातून येतात.

तेव्हा टाकी टांगा. दोन फ्लोट दोन बाजूंना, मध्ये वीत-दीड वीत अंतर, आणि टाकी त्यांच्यामधून पण त्यांच्या खाली, वरचा भाग पाण्याच्या पातळीपेक्षा दहा-पंधरा सेंटीमीटर खाली राहील अशी. ओझं खाली आणि आधार वर आला की पालथं पडायला कारणच उरत नाही. लाटेने हेलकावे खाईल, पण सरळ होईल. फर्स्ट स्टेज भिजेल अशी काळजी करणारे भेटतात. ती पाण्यात राहण्यासाठीच बनवलेली असते, भिजू द्या.

पहिली वीस मिनिटं सरळ, मग टाकीचं बूड वर

ही तक्रार सगळ्यात जास्त गोंधळात टाकते, कारण बांधणीत काही बदललेलं नसतं. गाठी तशाच, पट्टे तसेच, आणि तरी टाकी आडवी होते, मग बूड वर काढते, होजला पीळ बसतो आणि दोरी व्हॉल्व्हभोवती गुंडाळली जाते.

बदललेली असते ती हवा. ॲल्युमिनियमची टाकी रिकामी होत जाते तशी ती अडीच-पावणेतीन किलोने हलकी होते आणि शेवटी समुद्राच्या पाण्यात जवळजवळ दोन किलोने वर उचलली जाते. हे हलकेपण टाकीच्या धडाला येतं. मानेकडे व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटरचं पितळ तसंच जड राहतं. त्यामुळे मानेला दोरी बांधून उभी टांगलेली टाकी भरलेली असताना निमूट लोंबत असते, आणि गेजचा काटा १५० बारच्या खाली उतरला की बूड वर निघायला लागतं. पन्नासावर ते थेट फ्लोटला येऊन धडकतं.

उपाय शिशाचा. बुडाकडच्या टोकाला दोन किलोचं वजन पट्ट्यात ओवून टाका. पट्टा टाकीच्या शेवटच्या वितीत हवा. मधोमध बांधलेलं वजन या कामी फारसं उपयोगाचं नाही. साइडमाउंट करणारे, म्हणजे टाक्या पाठीऐवजी अंगाच्या बाजूंना लावणारे लोक ॲल्युमिनियमच्या टाक्या शेवटपर्यंत आडव्या राहाव्यात म्हणून हेच करतात. गोड्या पाण्यात टाकी थोडी अधिक जड भरते, ॲल्युमिनियम ८० साठी फरक चारशे ग्रॅमचा. तिथे दीड किलोही पुरतं.

स्टीलच्या टाकीला हा त्रास सहसा नसतो. बारा लीटर, २३२ बारच्या टाकीत हवा सव्वातीन किलोची असते, तरी बहुतेक स्टील टाक्या रिकाम्या झाल्यावरही किंचित जडच राहतात किंवा कशाबशा समतोलावर येतात. त्यांना शिसं लावू नका. त्यांच्यासाठी फ्लोट मात्र दणकट हवा, कारण तो फुटला तर टाकी दगडासारखी तळ गाठते आणि तिच्या होजचं दुसरं टोक तुमच्या तोंडात असतं.

फ्लोट कशाचा?

हिशेब सोपा आहे. टांगलेल्या टाकीला दोन किलोचा, शिसं लावलं तर चारेक किलोचा आधार पुरतो, पण कुणीतरी दमून फ्लोटला लटकणार हे गृहीत धरायचं. डोकं आणि खांदे पाण्याबाहेर काढून रेललेला माणूस पाच-दहा किलो सहज खातो. वीस किलो उचलेल एवढी सोय केली की निश्चिंत.

माझी पसंती फेंडरला. बोटीवर ते असतातच, दोन्ही टोकांना दोरीसाठी भोकं असतात, आणि पंधरा सेंटीमीटर जाडीचा, साठ सेंटीमीटर लांबीचा एक फेंडर दहा लीटरच्या आसपास भरतो. दोन बांधले की काम झालं. शिवाय एक फुटला तर दुसरा असतोच, आणि हीच खरी मेख आहे: फ्लोटमध्ये हवेचे कप्पे एकापेक्षा जास्त हवेत. टायरची ट्यूब एकटीच चाळीस-पन्नास किलो उचलेल, पण कप्पा एकच. तिच्या आतल्या अंगाला तोंड काढून बसलेली धातूची नळी हाताला ओरखडे काढते आणि होजलाही. ट्यूब वापरायचीच असेल तर त्या नळीवर जाड कापड गुंडाळा आणि टाकीचं बूड रबराला घासणार नाही असं बघा. मधल्या भोकातून टाकी खाली टांगायची, भोकात आडवी झोपवायची नाही.

प्लॅस्टिकचे कॅन स्वस्त आणि मस्त. दहा-दहा लीटरचे दोन, बूच घट्ट, बुचाखाली रबरी वायसर. उन्हात तापलेला कॅन बूच लावून थंड पाण्यात टाकला की आतली हवा आकसते, कॅन चेपतो आणि सैल बुचातून पाणी आत ओढलं जातं. आधी कॅन पाण्यात थंड होऊ द्या, मग बूच क्षणभर उघडून पुन्हा लावा. चेपलेला कॅन अर्ध्या तासाने कलता दिसू लागला तर दोष टाकीचा नाही, बुचाचा आहे. शीतपेयाच्या दोन लीटरच्या दहा बाटल्या जाळीच्या पिशवीत भरल्या तरी वीसेक किलो उचलतात, आणि दोन-तीन गळल्या तरी बिघडत नाही. दिसायला भंगाराचं गाठोडं वाटतं, चालतं मात्र उत्तम.

११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप दोन्ही बाजूंनी बूच चिकटवून वापरता येतो. मीटरला साडेनऊ लीटर जागा, स्वतःचं वजन वजा जाता सात-आठ किलो आधार. सिमेंट पूर्ण सुकू द्यायला लागतं, आणि गळतीची चाचणी पाइप पाण्याखाली दाबून बुडबुडे बघूनच करायची.

थर्माकोल नको. तरंगतो झकास, पण पट्टा आवळला की त्यात रुततो, मग सैल पडतो, कडेने दाणे सुटतात आणि इंजिनाजवळ सांडलेलं पेट्रोल लागलं तर अक्षरशः विरघळतो. बंद पेशींचा फोम त्यापेक्षा बरा.

आणि सगळ्यात कमी खटपटीचा मार्ग बरेचदा डोळ्यांसमोर असतो. टाकी जशी आहे तशी डायव्हिंगच्या जॅकेटमध्ये (टाकी पाठीवर धरणारं, हवेने फुगणारं) बांधून ठेवा, जॅकेट फुगवा आणि पाण्यात सोडा. टाकी आपोआप खाली, हवा वर. फक्त इन्फ्लेटरची, म्हणजे टाकीतून जॅकेट फुगवणारी होज काढून ठेवा, नाहीतर बटण चिकटलं तर टाकीतली हवा जॅकेटमध्ये जात राहते आणि सेफ्टी व्हॉल्व्हमधून बाहेर. खाली असलेल्या माणसाला पत्ताही लागत नाही. जॅकेट जुनं असेल आणि हळूहळू बसत असेल तर त्याला एक कॅन जोडून द्या.

टाकी पट्ट्यातून सरकते

नायलॉनचा पट्टा भिजला की ताणतो. कोरडा असताना कितीही आवळा, पाण्यात पाच मिनिटांनी तो ढिला झालेला असतो. म्हणून पट्टा आधी बादलीत बुडवून ओला करा, मग आवळा. दोन पट्टे लावा, एक खांद्याखाली, एक बुडाच्या वर, आणि ओल्या रंगावर पट्टा घसरू नये म्हणून मध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. पट्टा आणि टाकी यांच्यात फोम घालण्याचा मोह टाळा. तो दबतो आणि सगळं सैल पडतं.

जोडीला मानेभोवती, व्हॉल्व्हच्या खाली, दोरीचा एक फास असू द्या. पट्टे सुटले तरी टाकी जाणार नाही. दोरी व्हॉल्व्हच्या मुठीला किंवा रेग्युलेटरला बांधायची नाही, हे सांगायची गरज पडू नये, पण असे जुगाड दिसतात. पॉलिप्रॉपिलीनची दोरी तरंगते आणि तिची गाठ निसटते. जादा टोक लांब ठेवून वर आणखी एक गाठ मारा.

खाली हवा जड लागते

इथे अंदाज न बांधता गेज बघा. वर थांबलेल्या माणसाला काट्यावर नजर ठेवायला सांगा आणि खालून तीन-चार जोरदार श्वास घ्या. प्रत्येक श्वासाबरोबर काटा खाली झुकून परत वर येत असेल तर टाकीचा व्हॉल्व्ह पुरता उघडलेला नाही, किंवा फर्स्ट स्टेजच्या तोंडाची जाळी तुंबली आहे. लाटांवर हलणाऱ्या टाकीचा व्हॉल्व्ह घाईत अर्धवट उघडला जाणं फार सोपं आहे, आणि उथळ पाण्यात, टाकी भरलेली असताना, ते जाणवतही नाही. दाब उतरल्यावर जाणवतं.

काटा स्थिर आहे आणि तरी श्वास ओढावा लागतोय, तर गोष्ट होजची. फर्स्ट स्टेज वर असल्यामुळे ती वरच्या दाबाच्या हिशेबाने नऊ-दहा बार जास्त देते. पाच मीटरवर त्यातला अर्धा बार कमी पडतो, त्याने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते नेहमीच्या रेग्युलेटरच्या बारीक होजचे तुकडे एकमेकांना जोडून दहा मीटर लांबी गाठल्यामुळे. नुसतं तरंगत असताना भागतं, घासकाम करून धाप लागली की पुरत नाही. यासाठी हूका यंत्रणेची (वरून लांब होजने हवा पुरवणारी), आतून रुंद आणि श्वासाच्या हवेसाठीच बनवलेली होज घ्या. कंप्रेसरची किंवा बागेची नळी चालत नाही; तिच्या रबराचा वास आणि अंश थेट फुप्फुसात जातो.

तोंडाकडच्या टोकाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. वर होज तुटली, बोटीखाली चिरली गेली, तर तिच्यातला दाब क्षणात वरच्या हवेइतका होतो आणि खालच्या माणसाच्या तोंडातून हवा वर खेचली जाऊ शकते. हा एवढासा भाग ते थांबवतो.

गेज वर, माणूस खाली

टाकी सरळ राहिली, पट्टे धरून राहिले, हवा मोकळी येतेय. आता खरी अडचण, आणि ती कुठल्याही फ्लोटने सुटत नाही: किती हवा उरली ते तुम्हाला दिसत नाही, आणि व्हॉल्व्हपर्यंत हात पोचत नाही. बिनतारी ट्रान्समीटर वर लावून मनगटावर आकडा वाचण्याची कल्पना कागदावर छान वाटते. प्रत्यक्षात पाण्यात त्या लहरी एक-दीड मीटरच्या पुढे धड पोचत नाहीत.

वेळेचा हिशेब आधी करून जा. ११.१ गुणिले २०७ म्हणजे २३०० लीटर. शेवटचे ५० बार राखून ठेवले तर वापरायला १७४० उरतात. निवांत माणूस वर मिनिटाला २० लीटर घेतो, पाच मीटरवर दाब दीडपट, म्हणून ३०. झाली ५८ मिनिटं. पण बूड घासणारा माणूस निवांत नसतो. वरच्या हिशेबाने मिनिटाला ३५ लीटर, म्हणजे पाच मीटरवर साडेबावन्न, या दराने तीच हवा ३३ मिनिटांत संपते. घड्याळात दुसरा आकडा लावा. आणि वर एक माणूस ठेवा, ज्याचं काम फक्त गेज आणि होज बघणं आहे, गप्पा मारणं नाही. ७० बारला दोरीला ठरलेले झटके. आधी ठरवा, मग उतरा.

अंगावर छोटी राखीव टाकी असेल तर उत्तमच. नसेल तर होजची लांबीच आवरा: जिथून सावकाश श्वास सोडत वर येता येईल तेवढीच खोली. वीस मीटरची होज हाती लागली म्हणून वीस मीटर उतरणारे असतात. त्यांना तरंगत्या टाकीपेक्षा दुसऱ्या छंदाची गरज आहे.

होज तोंडातून ओढली जाते

वारा फ्लोटला ढकलतो, प्रवाह होजला, आणि दोघांचा ताण सेकंड स्टेजवर येतो. दात दुखायला लागले की समजावं. होज कमरपट्ट्याला किंवा हार्नेसच्या छातीवरच्या कडीला अडकवा, तिथून तोंडापर्यंत हातभर झोल ठेवा. वरच्या टोकालाही तेच: होज टाकीच्या पट्ट्याला बांधा, म्हणजे हिसका फर्स्ट स्टेजच्या जोडणीवर जाणार नाही. एकाच ठिकाणी काम असेल तर फ्लोट बोटीला बांधून टाका. मोकळा सोडण्याचं कारण नाही. बोटीचं इंजिन बंद आणि चावी खाली उतरणाऱ्याच्या वर थांबलेल्या माणसाकडे. मोकळ्या पाण्यात फ्लोटवर डायव्हरचा झेंडा उभा करायचा, आणि त्या काठीसाठी तळाला थोडं वजन वाढवावं लागतं, नाहीतर वाऱ्यात झेंडाच सगळं आडवं करतो.

सेकंड स्टेज वर फ्लोटवर ठेवताना तिचं तोंड खाली असू द्या. वर तोंड करून पाण्यात पडली की ती आपोआप वाहायला लागते आणि तुम्ही पायांत पंख चढवेपर्यंत वीस-तीस बार गेलेले असतात.

सुटं करताना रेग्युलेटर पाण्यात काढायचा नाही. टाकी डेकवर घ्या, व्हॉल्व्ह बंद करा, होजमधली हवा सोडून द्या, व्हॉल्व्हच्या तोंडावरचं पाणी झटका, मग फर्स्ट स्टेज काढा आणि झाकण पुसून लावा. टाकी पूर्ण रिकामी करून आणू नका. आत थोडा दाब असेल तर खारं पाणी आत शिरत नाही. शिशाचा पट्टाही तेव्हाच काढून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी कुणीतरी ती टाकी पाठीवर घेतो आणि आपण सारखे मागे का झुकतोय याचा विचार करत बसतो.